अंबेचं शेवटचं पद

मुंबईहून परत आलेलं माणूस राणीच्या बागेतला हत्ती सांगतं, चौपाटी सांगतं, गेला बाजार इराण्याचा चहा तरी सांगतं. मी यांतलं काही पाहिलं नाही. चहा तेवढा प्यायले, तोही इराण्याकडे नाही. तरीही लिहिते, कारण मिरजेत जो तो विचारतो, "काय बाई, मुंबई कशी आहे?" आणि दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही.

आधी जाण्याचं कारण. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचे. आमच्या घरात सही करता येणारे ते पहिले आणि बी.ए. झालेली मी पहिली. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. मंडळी मोडली त्याला फार वर्षं झाली. मोडली तेव्हा एक नवं संगीत नाटक तालमीत होतं. काशीच्या राजकन्येचं, अंबेचं. भीष्मानं पळवून आणलेली, शाल्वानं नाकारलेली, आणि शेवटी स्वतःच्या पायांनी चितेवर चढणारी अंबा. साथीचं साल होतं. कवी आधी गेले. मागं राहिले चाली देणारे मास्तर. तेव्हाची रीत अशी की चाल आधी बांधायची आणि कवीनं मागाहून तिच्या मापाचे शब्द घालायचे. चितेकडे चालत जाताना अंबेनं म्हणायच्या शेवटच्या पदाची चाल मास्तरांनी अंथरुणात पडल्या पडल्या बांधली आणि अंबेचं काम करणाऱ्या पोराला शिकवली. शब्द घालायला कवी नव्हता. अण्णा त्याच तापानं शेजारच्या खोलीत बेशुद्ध होते. ते शुद्धीवर आले तेव्हा मास्तर गेले होते, मंडळी पांगली होती आणि वासू नावाचा तो पोरगा मुंबईला निघून गेला होता.

तेव्हापासून अण्णा ते नाटक आमच्या माजघरात वाजवत आले आहेत. नांदीपासून सगळी पदं. शेवटच्या पदाची जागा आली की झाकण लावतात आणि चहा मागतात. मी लहानपणी समजायची, सगळी नाटकं अशीच संपतात.

गेल्या दिवाळीत अण्णांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका आला तर निभावणार नाही. अण्णांनी मला बाजूला न घेताच सांगितलं, "सुमे, तो वासू जिवंत असेल तर बघून ये. तेवढं एक पद ऐकायचं राहिलंय." मी शाळेत रजा टाकली आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघाले. गाडीचं काही सांगत नाही. गाडीसारखी गाडी.

फणसवाडी

गिरगावात फणसवाडीत माझी मावशी राहते. दोन खोल्या, पुढं गॅलरी, आणि गॅलरीतून समोरच्यांच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं. समोरच्यांनाही आपलं दिसतं, म्हणून मावशी पाहुणे आले की श्रीखंड गॅलरीच्या बाजूला बसून वाढते. मावशीचे यजमान कचेरीत कारकून. मी बी.ए. झाल्याचा त्यांना आनंद आहे, पण तो ते जपून वापरतात.

"मास्तरीण झालीस, छान. पण चाल शोधायला मुंबईला? चाल काय हरवलेली छत्री आहे?" काका म्हणाले.

"अण्णांना ऐकायची आहे."

"ऐकायची तर रेडिओ लाव की. शिवाय सध्या मुंबईत हिंडायचे दिवस नाहीत."

ते खरं होतं. भिंती चुन्यानं भरून गेल्या होत्या, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' मुंबई आपल्याला देणार नाहीत अशी बातमी त्याच दिवसांत फुटली होती. आमच्याकडे अशी बातमी आली की माणसं पारावर बसून बोलतात. इथं कुणी बोलत नव्हतं. भाजीवालीसुद्धा भाव एकदाच सांगत होती. काका रोज काळी फीत लावून कचेरीत जात आणि दारात पोचल्यावर ती खिशात घालत. हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले, "पेन्शनला तीन वर्षं आहेत." मी त्यावर काही बोलले नाही. बोलणारही नाही, त्यांनी मला आठवडाभर जेवू घातलं.

दादर

मंडळीचे जुने व्यवस्थापक बापूसाहेब दादरला असतात, एवढा धागा अण्णांनी दिला होता. काका बरोबर आले. बापूसाहेब आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. मी तिळगूळ पुढं केला तर म्हणाले, "दात नाहीत. ठेव तिथं. आता गोडच बोलावं लागेल."

वासूचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा एकदम तरुण झाला. "अंबा! आमची अंबा! शालू नेसून उभा राहिला की बायका आपल्या नवऱ्यांकडे बघायच्या, हे कुठं बघतायत म्हणून." मग चेहरा परत म्हातारा झाला. "आवाज फुटला आणि संपलं. लालबागला आहे. गिरणीत साचे चालवतो, कापड विणतो. भजनं म्हणतो, टाळ कुटत. काय करायचंय तुला त्याच्याशी?"

मी शेवटच्या पदाचं विचारलं.

"त्याला शब्दच नव्हते. शब्द नाहीत ते पद कसलं? हुंकार. अपुरं नाटक अपशकुनी असतं, पोरी. आम्ही त्याचे पडदेसुद्धा विकले नाहीत, जाळले. राजारामला सांग, दुसरं काहीतरी वाजव."

राजाराम म्हणजे अण्णा. त्यांना एकेरी नावानं हाक मारणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं, आणि तेही असं बोललं. मी पत्ता घेतला आणि नमस्कार न करता उठले. जिन्यात काका म्हणाले, "वाकायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "कंबर दुखते."

लालबाग

सकाळी ट्रामनं गेलो. काकांनी मला चाळीच्या दाराशी सोडलं, "संध्याकाळी न्यायला येतो," म्हणाले आणि कचेरीला पळाले. ते मला न्यायला आले ते चार दिवसांनी. पण ते पुढं.

चाळ म्हणजे मधे चौक आणि चारी बाजूंनी गॅलऱ्या. कोकणातली माणसं, बहुतेक गिरणीतली. एका खोलीत किती माणसं राहतात हे विचारायचं नसतं, कारण उत्तर पाळीवर अवलंबून असतं. दिवसपाळीचे गेले की रातपाळीचे त्याच चटईवर आडवे होतात. आमच्याकडे चटईला माणसाची ऊब लागली तर ती झटकतात. इथं तीच ऊब पुढच्याला मिळते.

वासूबुवांची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दार उघडलं ते त्यांच्या बायकोनं. त्यांना सगळी चाळ काकी म्हणते, मीही म्हणू लागले.

"खंयसून इलंस गो?"

"मिरजेहून. राजाराम पेटीवाल्यांची मुलगी."

आतून खोकल्याचा आवाज आला, मग बुवा आले. अंबा म्हणून मी जे काही मनात धरलं होतं ते तिथंच सोडून दिलं. काटकुळा माणूस, छातीचा पिंजरा, बोलताना श्वास शिट्टी घालतो. साच्यांजवळ उभं राहून बारीक कापूस छातीत बसलेला. पण अण्णांचं नाव ऐकल्यावर त्यांनी डोक्यावरून नसलेला पदर सारखा केला. हात आपोआप गेला. माझ्या लक्षात आलं ते त्यांच्याही लक्षात आलं, आणि ते हसले.

"राजाराम हा? जित्तो?"

"जिवंत आहेत," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. शेवटचं पद मागितलं. काकींनी चुलीवरचं भांडं उतरवलं, देवाच्या फळीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ह्या घरात नाय हां."

मला काही कळेना. सांगितलं ते बुवांच्या मुलानं, शंकरनं. तोही गिरणीत, शिवाय भजनी मंडळाचा मुख्य गाणारा. बापाचा गळा गेल्यावर त्यानं ती जागा घेतली होती. काळासावळा, केसांना तेल, आणि बोलणं असं की समोरच्यानं एकतर हसावं नाहीतर चिडावं.

"काय आहे मास्तरीणबाई, बाबा इथं आले तेव्हा चाळीत एक साचेवाला मेला. मागं कुणी नाही. तिरडी उचलली तर तोंडात शब्द नाही कुणाच्या. बाबांना तुमची ती चितेवर जायची चाल आठवली. शब्द नव्हते, ते बाबांनीच घातले. तेव्हापासून इथलं कुणीही गेलं की मंडळ तीच म्हणतं. उंबऱ्याबाहेर सुरू करायची, मधे तोडायची नाही. दोन कडवी वाटेनं आणि तिसरं स्मशानाच्या फाटकाशी. घरात म्हटली तर घरातलं माणूस जातं म्हणतात."

"तुमचा विश्वास आहे?"

"माझा नाही. आईचा आहे, आणि जेवायला ती वाढते."

मी बुवांना म्हटलं, निदान सूर सांगा, मी मनात धरीन. ते म्हणाले, "सूर सांगितलो काय आणि म्हटलो काय, एकच."

मला राग आला, हे कबूल करते. जी चाल माझ्या बापानं जन्मभर शोधली ती इथं शंभर माणसांना पाठ होती आणि एकही तोंड उघडत नव्हतं. मी तसं बोललेही. शंकर हसला, "अहो, सोपं आहे. ती ऐकायची तर कुणीतरी मरायला पाहिजे." काकींनी त्याच्या पाठीत रट्टा घातला. मग माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "रविवारी परळच्या मैदानात येतो तुमच्याबरोबर. उघड्या आभाळाखाली कुणाचं घर नाही. सगळी म्हणतो, तिसऱ्यासकट. पेटीवाल्या आजोबांना सांगा, शंकरनं पाठवली."

दुपारी काकींनी बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मी मासे खात नाही हे सांगायला उशीर झाला, कारण पहिला घास घशाखाली गेला होता आणि त्याबरोबर काटाही. सगळ्या गॅलरीनं उपाय सांगितले. कोरड्या भाताचा गोळा गिळल्यावर काटा उतरला. शंकर म्हणाला, "बी.ए.ला काटे काढायला शिकवत नाहीत वाटतं." मी म्हटलं, "ताटात घालायच्या आधी विचारायला शिकवतात." काकी पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

संध्याकाळी काका आले नाहीत. ट्राम बंद झाली होती. कुठंतरी दगडफेक, कुठंतरी अश्रुधूर, मग रस्त्यावरून शिट्ट्या आणि बुटांचे आवाज. संचारबंदी लागली. काकी म्हणाल्या, "ऱ्हव आता." माझ्यासाठी त्यांनी चटई झटकली. मी म्हटलं, झटकू नका.

लालबाग, पुढचे दिवस

संचारबंदी म्हणजे काय हे वर्तमानपत्र वाचून कळत नाही. नळावर आवाज होतो म्हणून बायका कळशी नळाखाली तिरपी धरतात. पोरं रडली की तोंडावर हात. गिरण्यांचे भोंगे थांबले, तर म्हाताऱ्या माणसांना झोप येईना. सवयीनं सगळे उठायचे आणि मग आता काय करायचं म्हणून गॅलरीत उभे राहायचे. शंकर कठड्याला टेकून घोषणा द्यायचा, समोरची चाळ 'झालाच पाहिजे' म्हणायची, आणि खालून पोलीस काठी आपटायचा. तो पोलीसही साताऱ्याकडचा होता. दोनदा काठी आपटून तिसऱ्यांदा तो म्हणाला, "होईल रे बाबांनो, होईल, पण आत व्हा."

शनिवारी सकाळी बंदी थोडा वेळ उठली. माणसं दूध आणि मीठ आणायला धावली. नाक्यावर पोरं जमली, खालून कुणीतरी शंकरला हाक मारली. "आलोच," तो म्हणाला आणि चपला घालत जिना उतरला. काकी भाकरी थापत होत्या. थोड्या वेळानं फटाके फुटल्यासारखा आवाज झाला. आमच्या गावी बंदूक फक्त जत्रेत वाजते, मला कळलंच नाही. काकींना कळलं. त्यांचा हात परातीत तसाच राहिला.

शंकर मोर्च्यात होता की नुसता उभा होता, यावर त्या चाळीत आजही दोन मतं असतील. गोळीला त्याचं काही नव्हतं. छातीत लागली. इस्पितळात नेईपर्यंत संपला होता. त्याची एक चप्पल नाक्यावर राहिली, ती शेजाऱ्यांनी आणून दाराशी तिच्या नेहमीच्या जागेवर ठेवली. दुसरी नव्हतीच.

परळच्या वाटेवर

पोलिसांनी मयत रविवारी दुपारी दिलं. रविवारी. सोबत हुकूम: सहाच माणसं, घोषणा नाही, गाणं नाही.

चौकात मंडळाची माणसं उभी होती. गळ्यात टाळ, पण टाळांच्या मधे बोट घातलेलं, वाजू नये म्हणून. मुख्य गाणारा तिरडीवर होता. कुणी सुरुवात करायची हे कुणालाच कळेना. सगळे बुवांकडे बघत होते आणि बुवांच्या छातीत तर शिट्टीशिवाय काही उरलं नव्हतं.

साताऱ्याचा तो हवालदार पुढं आला. "बुवा, वरून हुकूम आहे. गाऊ नका."

"ह्या गाणा नाय, सायब," बुवा म्हणाले. "ह्यो रिवाज."

हवालदारानं टोपी काढली, पुसली, आणि पुसत पुसत तोंड भिंतीकडे केलं.

बुवांनी सुरू केलं. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. फाटलेल्या कापडातून उजेड यावा तसे त्यातून सूर येत होते. पण चाल अशी होती की तिला तो फाटका गळाच हवा होता. जोगिया रागाच्या वळणाची. दर ओळीला पाऊल पुढं पडतं आणि ओळीच्या शेवटी मागं वळून बघितल्यासारखा एक सूर घरंगळतो. मास्तरांनी ती चालत जाणाऱ्या बाईसाठी बांधली होती, हे सांगावं लागत नव्हतं.

पाळी सरली गड्यांनो, भोंगा झाला,
उघडा आता फाटक, घरा जाऊ द्या मला.

मंडळानं उचललं. टाळांतली बोटं निघाली. चाळीच्या दारापर्यंत सगळे गेले, आणि तिथं पोलिसांनी आडव्या काठ्या धरल्या. बुवा धरून सहाजण तिरडी घेऊन पुढं गेले, बाकीचे अडले. आणि मधे तोडायचं नाही, असा रिवाज. अडलेल्या माणसांच्या पोटऱ्यांवर काठ्या बसू लागल्या, सूर तुटायला लागला. तेव्हा वरून आवाज आला. गॅलरीतून. बायकांचा. त्या चाळीत बायका भजनाला बसत नाहीत, टाळाला हात लावत नाहीत. पण इतकी वर्षं गॅलरीत उभं राहून प्रत्येक मयताला ती ऐकत आलेल्या. पहिला आवाज काकींचा होता.

धोटा थांबला हाती, सूत सरलं सारं,
जागा माझी घ्या कुणी, साचे ठेवा चालते.

चारी गॅलऱ्या म्हणत होत्या. मीही म्हणत होते. शिकवावी लागली नाही. माजघरात झाकण लागायचं त्याच्या पुढचा सूर हाच, हे माझ्या गळ्याला माझ्याआधी कळलं. सहाजण नाक्यावरून परळच्या रस्त्याला वळेपर्यंत आम्ही म्हणत राहिलो. मग ते दिसेनासे झाले. तिसरं कडवं पुढं, फाटकाशी. तिथं बायका जात नाहीत. लालबागला नाही, आमच्या मिरजेलाही नाही. त्या बाबतीत दोन्ही गावं सारखी.

मी आणि काकी गॅलरीत उभ्या होतो. तिकडं आता कुणीतरी ते म्हणत असेल, एवढंच दोघींनाही ठाऊक होतं.

बुवा परत आले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. विचारलं त्यांनीच, भिंतीकडे बघत.

"गावलां?"

"दोन कडवी," मी म्हटलं.

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "तिसरां बायकांक नाय."

दुसऱ्या दिवशी काका मला न्यायला आले. ट्राम नव्हती, चालत गेलो. काळी फीत त्यांनी बाहीवरच ठेवली होती. गिरगावपर्यंत त्यांनी ती काढली नाही.

मिरज

अण्णांनी प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. म्हणाले, "भाता मार." पायपेटीचा भाता मी पायानं मारते आणि सूर ते डाव्या हातानं धरतात, आजारापासून आमची अशीच रीत. नांदीपासून सुरू केलं. एका हातानं वाजवायचं म्हणून संथ. शेवटच्या पदाची जागा आली. अण्णांचा हात सवयीनं झाकणाकडे गेला, आणि मी म्हणायला लागले.

घरात म्हणू नये, हे मला ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. दार उघडं होतं, ते मी तसंच ठेवलं.

पहिल्या ओळीला त्यांनी हात उचलला. दुसऱ्या ओळीला सूर सापडला, आणि तो घरंगळणारा सूर आला तेव्हा त्यांनी तो माझ्याआधी लावला. शब्दांवर ते एकदाच थांबले. "भोंगा?" "हो." "वासूचे?" "हो." मान हलवली, पुढं गेले. दोन कडवी झाली. मी थांबले. भाता मारत राहिले, कारण त्यांचा हात पट्ट्यांवरच होता.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. शंकरचं, मैदानाचं, रविवारचं, काठ्यांचं. कधी म्हणतात आणि कुठं म्हणत नाहीत तेही. ते ऐकत होते आणि डाव्या हाताचं बोट एकाच पट्टीवर ठेवून होते, न दाबता.

"तिसरं स्मशानाच्या फाटकाशी म्हणतात, अण्णा. बायकांना तिथं जाता येत नाही. म्हणून मला नाही मिळालं."

अण्णांनी झाकण लावलं. मग माझ्याकडे बघून, चहा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "असू दे. मी जाणारच आहे की तिथं."